तांबड्या नावाला पान नाही

बस मिठागरांच्या बाजूला वळली तशी सुइलान आंटी म्हणाली, "टीचर, कोंबडी सांभाळ हां. वळणावर उडेल."

कोंबडी अख्खी उकडलेली होती, डोक्यासकट, आणि स्टीलच्या डब्यात झाकण लावून बसली होती. ती उडण्याचा काही संभव नव्हता. तरी नीलिमानं डब्यावर हात ठेवला. डबा अजून कोमट होता. खिडकीबाहेर मिठागरांचे चौकोन एकामागून एक सरकत होते. कुठे पाणी होतं, कुठे नुसता पांढरा थर, आणि उन्हात दोन्ही सारखेच चमकत होते. एप्रिल नुकता लागला होता. पलीकडची खाडी कुठे संपते आणि आकाश कुठे सुरू होतं ते धुरकट हवेत कळत नव्हतं. नीलिमानं ते कळून घ्यायचा प्रयत्नही केला नाही. रात्री तिला झोप लागली नव्हती, आणि न झोपलेल्या माणसाला सगळंच जरा पाण्याखालून दिसतं.

सुइलान आंटी गोडदेवला नीलिमाच्याच इमारतीत, एक मजला खाली राहायची. जन्म माझगावचा. आईवडील मूळचे चीनच्या दक्षिण किनाऱ्याकडचे, पण आंटीनं तो किनारा कधी पाहिला नव्हता. केबिन रोडवर तिचं ब्यूटी पार्लर होतं. भाईंदर पूर्वेच्या दोन पिढ्यांच्या नवऱ्या तिच्या दोऱ्याखालून भुवया कोरून बोहल्यावर गेल्या होत्या. आता हात थरथरायला लागले म्हणून पार्लर बंद झालं होतं. काल जिन्यात गाठून ती नीलिमाला म्हणाली होती, "उद्या आमचा चिंगमिंग आहे, कबरी साफ करायचा सण. आईवडिलांकडे जायचं, उत्तनला. तू चल ना. एक बारीक ब्रश पण आण, तुमच्या लॅबमधला. तुझा हात हलत नाही, मी बघितलंय."

नीलिमा कॉलेजात रसायनशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळायची. हात न हलणं हे तिचं कामच होतं. ती लगेच हो म्हणाली. आंटीवर उपकार करायचे म्हणून नाही. तिला एक दिवस घराबाहेर राहायचं होतं.

घरात एक प्रश्न तिची वाट पाहत होता. तो सासूबाईंनी काल संध्याकाळी वाल सोलता सोलता विचारला होता. "भटजींना उद्या रात्रीपर्यंत कळवायचंय. अमावास्येला ते मोकळे आहेत. पळसाची पानं, दर्भ, सगळं तेच आणतात. आपण फक्त नारळ द्यायचा."

"नारळ कशाला?" नीलिमानं विचारलं होतं, आणि विचारताक्षणी तिला उत्तर नकोसं झालं होतं.

"डोक्यासाठी," सासूबाई खाली बघत म्हणाल्या होत्या. "देह नसला की पानांचा करतात."

नीलिमाचा नवरा जितेंद्र किनाऱ्याच्या सर्वेक्षणाच्या बोटीवर होता. काही वर्षांपूर्वी वसईच्या खाडीच्या तोंडाशी वादळात ती बोट उलटली. बाकीचे सापडले, कुणी जिवंत, कुणी नाही. जितेंद्र कसाच सापडला नाही. नीलिमानं तेव्हा भरती-ओहोटीचे तक्ते काढून, वाऱ्याची दिशा धरून, त्याला प्रवाह कुठे नेईल याचं गणित मांडायला घेतलं होतं. ते तिनं अर्ध्यावर सोडलं. गणित चुकत होतं म्हणून नाही, ते बरोबर येत होतं म्हणून. तेव्हापासून त्याचे शर्ट ती वर्षातून एकदा धुऊन, इस्त्री करून परत कपाटात ठेवत असे. त्याच्या बारशाला मिळालेलं, नाव कोरलेलं ताट मांडणीवर तसंच उभं होतं. त्यात कुणी जेवत नव्हतं.

"मी तुला जबरदस्ती नाही करणार," सासूबाई म्हणाल्या होत्या. "मंगळसूत्राचं तुझं तू बघ, तेही मी बोलणार नाही. तू नको म्हणालीस तर नको. पण मग मला एवढं सांग, तो जेवत कुठे असेल?"

नीलिमा उठून स्वयंपाकघरात गेली. खिडकीच्या जाळीत भाताचा मुटका ठेवलेला दिसला, त्यावर चिडली. "आई, किती वेळा सांगितलं? कबुतरं येतात. त्यांच्या विष्ठेनं फुप्फुसाचे आजार होतात." मुटका उचलून तिनं ओल्या कचऱ्यात टाकला. वालाच्या साली तेवढ्या कागदावर पडत राहिल्या.

उत्तनच्या थांब्यावर मायकेल उभा होता. एका हातात कोयता, दुसऱ्या हातात पाण्याचा कॅन. पन्नाशीचा, रापलेला माणूस. जिथे जायचं होतं ती टेकडी त्याच्या घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होती आणि तिच्यावरच्या कबरी राखायचं कामही. त्याला कुणी नेमलं नव्हतं, ते आजापासून चालत आलं होतं.

"आंटी, यंदा उशीर," तो म्हणाला. "ऊन चढलं बघा. मला वाटलं, येत न्हाय तुमी."

"मेली असंन वाटलं ना तुला?"

"तसं कसं वाटंल? मग तुमाला वरच आणलं असतं ना. येवंच लागलं असतं."

आंटी खो खो हसली आणि काठी टेकत निघाली. वाट कोळीवाड्याच्या कडेनं जात होती. बांबूंच्या वलांड्यांवर बोंबील वाळत होते. वाऱ्यानं सगळे एका दिशेला हलायचे, जणू हवेतच त्यांना अजून पोहायचं होतं. तो तिखट, खारट वास चढणीवर बराच वेळ मागे मागे आला, आणि मग एका वळणावर थांबून मागेच राहिला. वर पांढऱ्या चाफ्याचा वास होता. चाफ्याला पान एकही नव्हतं, नुसती फुलं. खालच्या चर्चची घंटा एकदाच वाजली, आणि तो आवाज टेकडी चढून यायला जरा वेळ लागला असं नीलिमाला वाटलं.

चिन्यांची सिमिटरी म्हणजे उतारावरची गवताळ जागा होती. तिला ना फाटक, ना पाटी. फार पूर्वी जहाजांवरचे काही चिनी सुतार इथल्या बंदरात उतरले आणि तापानं गेले. त्यांना गावानं इथे जागा दिली, असं मायकेल म्हणाला. पुढे माझगावच्या चिनी कुटुंबांनीही आपली काही माणसं इथे आणली. प्रत्येक कबरीमागे मातीचा बांध अर्धगोल वळलेला होता आणि दोन्ही बाजूंनी पुढे आला होता, हातांच्या खुर्चीसारखा. सगळ्या खुर्च्यांची पाठ टेकडीला आणि तोंड समुद्राकडे.

"पाठीला डोंगर, पुढे पाणी," आंटी म्हणाली. "मेलेल्या माणसाला टेकायला पाहिजे, आणि बघायला पण पाहिजे ना काहीतरी."

नीलिमानं बांध न्याहाळला. डोंगरावरून येणारं पावसाचं पाणी त्या वळणावर फुटून दोन्ही बाजूंनी निघून जाणार होतं आणि मधला भाग कोरडा राहणार होता. तिनं तसं सांगितलं.

"बघ!" आंटी मायकेलला म्हणाली. "आमचे म्हातारे हेच बोलायचे, फक्त ते वाऱ्याचं आणि ड्रॅगनचं नाव घेऊन बोलायचे. टीचरनं ड्रॅगन काढला आणि गटार ठेवलं."

मायकेलनं गवत कापायला घेतलं. आंटीनं मात्र आधी एका कोपऱ्यातल्या वीतभर दगडापुढे उदबत्त्या लावल्या. हा जमिनीचा देव, तिनं सांगितलं. आपण त्याच्या घरात आलो, तर पहिला नमस्कार त्याला. मग आपल्या माणसांना.

मायकेल कोयता थांबवून ओशाळं हसला. "आमाला म्हायती होतं का? आमी समजायचो, हे लहान पोराचं थडगं. आल सोल्सला, मेलेल्यांच्या दिसाला, आमची बायको इनेझ पयली मेणबत्ती यालाच लावते. बोलते, लेकरू हाय, अंधाराला घाबरंल."

"देव पण बोलत असंल, हे लोक कोण?" आंटी म्हणाली. "पण पहिली लावता ना? बरोबर लावता. चूक करून बरोबर."

मग नीलिमा आंटीच्या मागून एकेका कबरीपाशी फिरली. काही दगडांवरची अक्षरं इतकी झिजली होती की बोटानंच लागत. एका बांधाला टेकून मातीची एक उंच बरणी उभी होती, झाकण लावलेली. पुरल्यानंतर काही वर्षांनी थोरला मुलगा हाडं काढतो, आंटीनं सांगितलं. धुतो, उन्हात वाळवतो आणि अशा बरणीत रचतो. आधी पायांची, मग वरची, सगळ्यात वर डोकं. म्हणजे माणूस आत बसलेला राहतो. मायकेलला यात काही नवल वाटलं नाही. त्यांच्याकडेही काढतात. चर्चच्या भिंतीत कोनाडे आहेत, त्याची आई आणि आजी एकाच कोनाड्यात आहेत. "जित्या असताना एका चुलीवर पटलं न्हाय," तो म्हणाला, "आता गुमान बसल्यात."

नीलिमाला आपण जागी आहोत की नाही ते कळेना. ऊन तापत होतं, तरी झोंबत नव्हतं. आंटीनं पिवळे कागद काढून दिले आणि ते प्रत्येक कबरीवर खड्यांखाली दाबायला सांगितले. "छप्पर शाकारायचं," ती म्हणाली. "वर्षभर गळलं असंल." नीलिमा वाकून वाकून कागद ठेवत गेली. वारा आला की सगळ्या टेकडीवर कागदांची टोकं एकदम फडफडायची, आणि खाली समुद्र त्याच तालावर दाण्यादाण्यानं चमकायचा. कुणाचीतरी घरं आपण शाकारतोय, आत माणसं बसली आहेत आणि वर कुणाची पावलं वाजतात ते ऐकताहेत, असं तिच्या मनात आलं. इतकी वर्षं ती ज्या गोष्टीला भीत होती ती इथे उन्हात पाय पसरून बसली होती.

आंटीच्या आईवडिलांची कबर सगळ्यात खालच्या अंगाला होती. तिथून समुद्र सगळ्यात जवळ दिसे. एकच दगड आणि त्यावर अक्षरांच्या दोन उभ्या ओळी. एक ओळ सोनेरी होती, दुसरी तांबडी.

आंटी काठी बाजूला ठेवून खाली बसली. तिनं कोंबडी काढली, संत्री मांडली, थर्मासमधून चहा ओतला. पण चहाचे पेले, भाताचा वाडगा, जेवायच्या काड्या, सगळं तिनं सोनेरी ओळीपुढे मांडलं. तांबड्या ओळीपुढची जागा मोकळीच राहिली.

"हे कुणाचं नाव?" नीलिमानं विचारलं.

"सोनेरी आईचं. तांबडं बापाचं."

"मग त्यांना चहा?"

"तांबड्या नावाला पान नाही," आंटी म्हणाली. "आमच्यात तांबडं म्हणजे जिवंत. नवरा गेला की बायकोचं नाव पण त्याच दगडावर कोरून ठेवतात. ती जिवंत आहे तोवर तांबडं, गेली की सोनेरी. जिवंत माणसाला कबरीवर कोण वाढतं? तो घरी जेवतो ना."

नीलिमाचा हात नकळत कपाळाकडे गेला. आपल्याकडेही तांबडं जिवंतपणाचंच, तिला वाटलं. फक्त ते दुसऱ्या कुणाच्या जिवंतपणाचं असतं.

"पण तुमचे वडील..."

"ऐक," आंटी म्हणाली आणि समुद्राकडे बघत बोलू लागली. आता तिच्या आवाजात थट्टा नव्हती.

तिचा बाप, ल्युंग, माझगावच्या गोदीत फिटर होता. मच्छीमार बोटींना नवीनच इंजिनं लागत होती त्या काळात मायकेलच्या आजानं त्याला उत्तनला बोलावून घेतलं. इंजिन बसवून झालं. चाचणीला बोट पाण्यात काढायची होती. ल्युंगनं अंगातला पांढरा शर्ट काढून मायकेलच्या आजाच्या घरी खुंटीला अडकवला. तेल लागलं तर बायको ओरडेल. आत समुद्रात वारा उलटला, लाटा उठल्या आणि बोटीच्या पंख्यात जाळं गुंतलं. ल्युंग पाण्यात उतरला. त्यानं जाळं सोडवलं. इंजिन सुरू झालं, बोट निघाली, सगळे घरी आले. ल्युंग वर आला नाही.

"मी तेव्हा शाळेत पण जात नव्हते," आंटी म्हणाली. "देह नाही मिळाला तर आमच्यात कपडे पुरतात. अंगावरून उतरवलेले, न धुतलेले. आई तो शर्ट घेऊन खाली वाळूत उभी राहिली, पाण्याकडे तोंड करून. तीनदा हाक मारली, घरी चल. मग शर्ट दोन हातांवर घेऊन, झोपलेलं मूल उचलतात तशी, ही टेकडी चढली. शर्ट इथे खाली आहे. पण कोरणाऱ्यानं रंग विचारला तर आई बोलली, तांबडा. दोघांचा तांबडा. तो बोलला, बाई, अशी कबर असते का? दोन जिवंत माणसांची? आई बोलली, त्याला मेलेला मी बघितला का? तू बघितला का?"

मायकेलनं गवत कापणं कधीच थांबवलं होतं.

"आई गेली तेव्हा तिचं नाव मी सोनेरी केलं. बापाचं तांबडं ठेव, असं तिनं हात धरून सांगितलं होतं. मी ठेवलं. दर चिंगमिंगला नवीन तांबडा रंग. आणि आईला चहा, आईला भात, आईला कोंबडी. बाजूला बाप बसलाय आणि तो बघतोय." आंटीचा आवाज बारीक झाला. "माझ्या अंगठ्याएवढी अक्कल मला म्हातारपणी आली, टीचर. तो जर गेला असंल तर आम्ही त्याला इतकी वर्षं उपाशी ठेवला. आईनं प्रेमानं ठेवला. मी आईच्या प्रेमानं ठेवला. पण उपाशीच ना?"

तिनं पिशवीतून एक छोटी बाटली काढून नीलिमापुढे धरली. सोनेरी रंग होता.

"माझा हात हलतो. तू कर."

नीलिमा मागे सरकली. "नाही. आंटी, मी नाही."

"का?"

"तुम्हाला कारण माहीत आहे."

"माहीत आहे म्हणूनच तर तुला आणली," आंटी म्हणाली. "दुसऱ्या कुणाचा हात चालला असता, पण त्याला हे नुसतं रंगकाम वाटलं असतं. तुला जड जाईल. बापाचं नाव जड हातानंच लिहिलं पाहिजे."

"हे तुम्ही आधी सांगायला हवं होतं."

"सांगितलं असतं तर आली असतीस?"

नीलिमाला राग आला. तो कुणावर ते तिला कळत नव्हतं. आंटीवर, सासूबाईंवर, त्या नारळावर. ती उठून बांधापर्यंत गेली. खाली पाणी ओसरत होतं. तक्ता न बघताही तिला ते कळलं. खडक एकेक करून वर येत होते, आणि ओल्या खडकांवर ऊन असं पडलं होतं की ते आत्ताच कुणीतरी पुसून ठेवलेत असं वाटावं. माणूस मात्र कुठे नव्हता. तिच्या कपाटात इस्त्रीचे शर्ट होते, त्यांना आता कशाचाच वास नव्हता. तो जेवत कुठे असेल? तिला जितेंद्र दिसला. बुडताना नव्हे. तसा तो तिला पुष्कळदा दिसला होता आणि ते ती सहन करायला शिकली होती. तो पंगतीत बसलेला दिसला, मांडी घालून, शेजारी सगळ्यांची पानं वाढलेली. त्याच्यापुढे नुसती जमीन. आणि तो काही मागत नव्हता. तो तसा होता, मागून घ्यायचा नाही. भाजी संपली तर ताकभात खाऊन उठायचा.

ती परत आली. बाटली घेऊन उन्हात धरली. "ही पितळेची भुकटी आहे," ती म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला लांबून आला. "खाऱ्या हवेत हिरवी पडेल. वर व्हार्निशचा हात द्यावा लागेल."

"दे की," आंटी म्हणाली.

नीलिमानं दगड ओल्या फडक्यानं पुसला, मग कोरड्या. ब्रश बुडवून टोक बाटलीच्या काठावर निथळलं. पहिलं अक्षर आडनावाचं होतं. आंटी काठीचं टोक हवेत फिरवून क्रम सांगत होती. "डावीकडून. आधी हे तीन थेंब. हे पाणी आहे."

"पाणी?"

"आमच्या नावातच पाणी आहे. वर पाणी आणि खाली बघ, लाकूड. झाड. आधी पाणी लिहायचं, मग झाड."

पहिला थेंब. तांबड्यावर सोनेरी चढलं. नीलिमानं श्वास धरला होता, प्रयोगशाळेत मोजमाप करताना धरायची तसा. दुसरा थेंब. कोरलेल्या खाचेत ब्रश आपोआप वळत होता, जणू दगडाला ठाऊक होतं कुठे जायचं. तिसरा थेंब खालून वर उचलायचा होता. मग वरच्या रेघा, मग झाड. मागे मायकेलचं कोयता टेकून उभं राहणं, कागदांची फडफड, कुठेतरी लांब एका बोटीचं धडधडणारं इंजिन, सगळं एका संथ आवाजात मिसळलं. एक अक्षर संपलं, मग दुसरं. शेवटच्या अक्षराच्या शेवटच्या रेघेशी तिचा हात थांबला. तेवढंच तांबडं उरलं होतं, नखाएवढं.

"थांबायचं असंल तर थांब," आंटी हळू म्हणाली. "मी पण थांबले होते, आईच्या नावाला."

नीलिमानं ती रेघ पुरी केली.

आंटी सरकत पुढे झाली. दुसरा पेला काढला, त्यात चहा ओतला. थरथरत्या हातानं अर्धा दगडावर सांडला. भात वाढला, कोंबडीची तंगडी तोडून वर ठेवली, काड्या ठेवल्या. मग एकदम दोन्ही हात तोंडावर घेऊन लहान मुलीसारखी रडायला लागली. आपल्या भाषेत काहीतरी म्हणत होती, तेच तेच. नीलिमाला शब्द कळले नाहीत, पण खा, खा, एवढाच अर्थ असणार होता.

"आंटी," मायकेल म्हणाला. तो कासावीस झाला होता. "आंटी, आयका. उपाशी कोण? तो उपाशी न्हाय."

आंटीनं हात काढले.

"आल सोल्सला आमी येतो ना, मेणबत्त्या घेऊन. तवा याला ताट आणतो. आजानं सुरू केलं, मग पापानं, आता इनेझ करते. बोंबील तळलेलं, तांदळाची भाकर, आणि..." तो चर्चच्या दिशेनं बघून आवाज उतरवत म्हणाला, "आन जरा दारू. फादर बोलतो, हे आपल्यात बसत न्हाय. आजा बोलायचा, ह्यानं जाळं सोडवलं म्हणून मी घरी जेवलो. मग हा कसा न्हाय जेवायचा? एक वरीस चुकलं न्हाय, आंटी. जोरात पाऊस हाय तरी आणलं."

"पण नाव तांबडं होतं," आंटी म्हणाली.

"आमाला काय म्हायती रंगाचं! आमी समजायचो, तुमचा सोनेरी रंग म्हाग पडत असंल."

मग आंटी हसायला लागली. रडणं थांबलं नव्हतंच, त्यातूनच हसायला लागली. "बोंबील!" ती दगडाला म्हणाली. "आई तिकडे माझ्याकडून कोंबडी खाते आणि तू इकडे चोरून बोंबील खातोस? दारू पण?"

मायकेलही हसला. नीलिमा हसली नाही. तिच्या डोळ्यांपुढे स्वयंपाकघराची खिडकी आली होती. जाळीत ठेवलेला भाताचा मुटका. तो रोज नसायचा. परवा नव्हता, त्याच्या आदल्या दिवशीही नव्हता. कधी असायचा? पितृपक्षात असायचा. त्यावर दही असायचं. जितेंद्रच्या वाढदिवसाच्या आसपास एकदा तिथे अळूवडी होती, आणि तिनं विचारलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, कबुतरांना काय, काहीही चालतं. कबुतरं अळूवडी खात नाहीत. हे तिला तेव्हा सुचायला हवं होतं. निरीक्षण हा तिचा व्यवसाय होता. काल संध्याकाळी तिनं जे ओल्या कचऱ्यात टाकलं ते कुणाचं पान होतं?

सगळे तिथेच बसून जेवले. कबरीवरचं अन्न घरी न्यायचं नाही, त्यांच्याबरोबर बसून संपवायचं, असा रिवाज होता. कोंबडी थंड आणि अळणी होती, आणि फार चांगली लागली. निघताना आंटीनं दोघांच्या हातावर एकेक लिमलेटची गोळी ठेवली. "वाटेत खा. तोंड गोड करून घरात शिरायचं. इथलं काही बरोबर न्यायचं नाही."

बसमध्ये आंटी नीलिमाच्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. मिठागरं आता गुलाबी झाली होती. नीलिमानं गोळी तोंडात ठेवली, आणि गोडदेवच्या नाक्यावर उतरेपर्यंत ती चावली नाही, आपोआप विरू दिली.

सासूबाईंनी दार उघडलं. स्वयंपाक झाला होता, पानं घ्यायची होती. नीलिमानं साबणानं हात धुतले. नखांच्या कडेला सोनेरी भुकटी अडकली होती, ती निघाली नाही.

मांडणीवरून तिनं जितेंद्रचं ताट काढलं. कडेला टिंबटिंबांनी कोरलेलं नाव होतं, चि. जितेंद्र, बारशाची तारीख. ते तिनं कोरडं पुसलं. भात वाढला, वालाची उसळ वाढली, वाटीत ताक घेतलं. सासूबाई दाराशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. नीलिमानं ताट उचललं आणि खिडकीची जाळी उघडून आतल्या कट्ट्यावर ठेवलं. मुटका जिथे असायचा तिथेच.

"भटजींना कळवा," ती म्हणाली. मागे वळून बघणं तिला जमलं नाही. "नारळ मी आणते."

खाली रिक्षा जात होत्या. समोरच्या इमारतीवर शेवटचं ऊन होतं.

मग सासूबाई जवळ आल्या. त्यांनी ताटाकडे वाकून बघितलं आणि डब्यातून चिमूटभर मीठ घेऊन ताटाच्या कडेला, नावाच्या शेजारी, हळूच ठेवलं.

"त्याला वरून लागतं," त्या म्हणाल्या.